दम सुटल्यावरचं बोलणं

नाही आप्पा, शिवी नाही दिली हो माझ्या नातीनं. शिवी असती तर लोक विसरले असते. तुम्ही काढलेल्या मंडळाच्या कबड्डी संघाची ती कॅप्टन. मोलगीकडच्या पोरींना हरवलं, शिट्टी वाजली, त्या बिचाऱ्या गुडघ्याची माती झाडत होत्या, तर ही म्हणाली, "जा आता, कोयते घ्या, ऊसतोडीचा ट्रक निघाला तुमचा." त्यातल्या कितीजणींचे मायबाप खरंच तोडीला गेलेले. कुणीतरी मोबाईलवर धरलं. आता गावोगाव तेच बघतात. तिचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण पाठीवर मंडळाचं नाव होतं ना, मोठ्या अक्षरात. डोंगरातल्या लोकांनी त्यांच्या मुली आपल्या सरावातून काढून नेल्या. शहाद्याकडच्या स्पर्धेचं बोलावणंही थांबलंय.

जीभ कुणाची, ते विचारू नका. आठवतंय ना, मीही तिच्याएवढीच असेन, मैदानाच्या कडेला बसलेय, पाहुणा संघ हरलाय, एक पोरगा लंगडत चाललाय आणि मी ओरडते, "पुढच्या वेळी लंगडीच खेळायला या!" तुम्ही मारत नाही. पाण्याची कळशी माझ्या हातात देता. "चढाईत दम आहे तोवर काय ते बोल, त्याच्या अंगणात उभं राहून. तिथं तो तुला पकडू शकतो. दम सुटला की तोंड बंद, अन् पाणी पाजायचं." त्यानं पाणी प्यायलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाणी द्यायची रीत पडली. यंदाही कळशी भरलेली होती. कुणी उचललीच नाही.

"आजी, तू तर अख्ख्या गावले चिडवस," पोरगी म्हणते, "मी बोलनू तर एवढं काय?"

"मी ज्यांना चिडवते ते मला उलटं चिडवतात गं."

परवा मंडळाचे लोक आले. तुमच्या माघारी शेवटचा शब्द तुमच्या लेकीचा, म्हणजे माझा म्हणे. अध्यक्षांना म्हटलं, "बसा, तुमच्या पोटावरचं मंडळाचं नाव वाचायला मला या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं लागतं." हसले. पण चहा कुणी संपवला नाही.

आता नात त्यांच्या नावानं बोटं मोडते, संघातून काढलं म्हणून. मी भाकरी थापत हो ला हो करते. हा कागद चुलीतच जायचा, म्हणून सांगते आप्पा. ते म्हणत होते, "आक्का, माफी मागू दे, मिटवून टाकू." त्यांनी नाही काढलं तिला. मी काढलं.