मूत्रपिंडावरची टोपी

सोमवार, ता. ४ फेब्रुवारी १९३५

आज पुन्हा! हेडमिस्ट्रेस शकुंतलाबाई नुसतं म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी इन्स्पेक्टर साहेब तुमचा पाठ पाहणार" — आणि माझे हात गार, तोंड कोरडं, काळीज धाडधाड. खुर्ची धरून उभी राहिले. पाठ पसंत पडला तर नोकरी कायम. नाहीतर अक्कलकोटला, दादाच्या घरी. वहिनीने स्थळं हेरून ठेवलीच आहेत. पहिलंच बिजवर — "दोनच मुलं आहेत हो," म्हणते!

ता. ५

दोन घास गेले नाहीत.

ता. ६

मला हृदयरोगच झालाय, असं वाटून शेजारच्या डॉक्टर महिपतरावांना नाडी दाखवली. ते हसलेच. म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. माणूस भ्याला की ती रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन नावाचा रस सोडते. काळीज जोरात, पचन बंद, यकृतातली साखर रक्तात. पळा नाहीतर लढा, एवढंच त्या रसाला कळतं."

"मग औषध?"

"पळा नाहीतर लढा!"

मूत्रपिंडाला टोपी! आणि त्या टोपीला इन्स्पेक्टर आणि वाघ यांतला फरक कळत नाही. मला तरी कुठे कळतोय?

ता. ८

कुंभारी गावची केराबाई तूप घेऊन आली. मेंढरं राखते. विचारलं, लांडगा आला की भीती वाटते का गं?

"व्हय की! काळीज उडतंय, तोंडाला लई कोरड पडती. पन पळायचं न्हाय, बाई. पळलं की त्यो मागं लागतोय. हुबं ऱ्हायाचं, त्येच्या डोळ्यात बगायचं, आन् 'हुर्र्र' करून वरडायचं."

गेल्या वर्षी लांडगा हाकलला तेव्हा तिच्या पायात बाभळीचा काटा आरपार गेला होता. "दुपारपतूर कळलंबी न्हाय!" म्हणाली. म्हणजे केराबाईलाही टोपी आहे! डॉक्टरांपेक्षा हिचं औषध जास्त स्पष्ट वाटलं.

ता. ११

उद्या! हृदयाचा तक्ता रंगवला. घाईत एक कप्पा हिरवा झाला.

ता. १२

साहेब मागच्या बाकावर बसले. लांबट चेहरा, पिवळट डोळे, माझ्यावरच रोखलेले. तक्ता मी उलटा टांगला. जीभ टाळूला चिकटली. दार उघडं होतं, पाय तिकडे वळलेसुद्धा — आणि केराबाई आठवली. साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि जीव खाऊन ओरडले — "हुर्र्र्र!"

साहेबांची पेन्सिल पडली. दोन मुली बाकाखाली गेल्या. पुढे तोंडातून कसं निघालं देव जाणे — "मुलींनो, घाबरलात? छातीवर हात ठेवा. काय होतंय?" तीस हात छातीवर! पहिल्या बाकावरची सरोजिनी मागे वळून म्हणते, "बाई, साहेबांनीपण ठेवलाय!" मग टोपी, रस, साखर, काटा — सगळं भडाभडा सांगून टाकलं.

साहेब पेन्सिल उचलून तडक निघून गेले. संपलं!

ता. १४

शकुंतलाबाई माझ्याशी बोलत नाहीत. ट्रंक झाडून ठेवली. फार वाईट वाटतंय. त्या तीस मुली मला हव्या होत्या.

ता. २०

साहेबांचा शेरा आला! "पाठ अभिनव. शिक्षिका निर्भय. कायम करावे." मी — निर्भय! कागद छातीशी धरून रडले. मग खालची ओळ वाचली. "हाच पाठ पुढील महिन्यात पुण्यास चाळीस इन्स्पेक्टरांसमोर करून दाखवावा."

हात गार. तोंड कोरडं. केराबाई ओसरीवर तूप मापत होती. तिला विचारलं, "लांडगे चाळीस असले तर गं?"

तिने माप खाली ठेवलं, जरा विचार केला.

"मंग पळायचं की, बाई."