दुसरा डबा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
१८ मे २०२६

ती. अक्कास,
गंगाधरचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाचे यंत्र पुन्हा बिघडल्याचे कळले. फोनवर ओरडून सगळ्या गल्लीला घरच्या बातम्या ऐकवण्यापेक्षा पत्र बरे. इकडे ऊन असे की गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळाला कढत येते. चहाला वेगळे तापवायला नको, असे तुझी भावजय पद्मजा म्हणते.

काल अधिक लागला आणि पहिल्याच रविवारी आम्ही धोंड्याचे जेवण उरकून घेतले. सई आणि अजिनाथराव सकाळीच जेऊरहून आले. पुरणाचे धोंडे छान झाले, अनारसेही या खेपेला हसले नाहीत. मी जावईबापूंचे पाय धुतले, दिव्यासह वाण दिले. बिचारे लाजून लाल झाले. अर्थात ती लाली सगळीच लाजेची नव्हती. त्यांच्या गाडीचा एसी महिनाभर नुसता वारा घालतो, गार करत नाही. दोघे भाजून निघाले होते.

म्हणून मी यंदा वरचे एक वाण देण्याचे आधीच ठरवले होते. एसीच्या गॅसचे दोन डबे, नळी आणि तिच्यावरचा छोटा काटा, असे सगळे घरपोच मागवले. गाडी चालू ठेवायची, निळ्या टोपणाखालच्या तोंडाला नळी लावायची आणि काटा हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत गॅस सोडायचा, बस्स. अजिनाथराव म्हणू लागले की मामा, राहू द्या, गॅस कुठून तरी गळत असेल, गॅरेजात दाखवतो. मी म्हटले की अधिकातले वाण परत करत नाहीत. मग त्यांनी बॉनेट उघडले. पहिल्याच डब्यात काटा हिरव्यात आला. पण वाण कधी कोणी अर्धे देते का? दुसराही रिकामा केला. लवकर जावा म्हणून जरा उलटा धरला. अक्का, अशी गार हवा आली की पद्मजा मागच्या सीटवर जाऊन बसली ती उतरेचना. शेजारच्या बायकाही पाळीपाळीने बसून गेल्या.

त्याच भरात आणखी एक काम मार्गी लावले. विहीणबाईंचा मोतीबिंदू पिकला आहे. त्या म्हणतात की थंडी पडू दे, उन्हाळ्यात आणि त्यातून अधिकात डोळा नको. मी सईला सांगितले की ही जुनी समजूत आहे, इतकी वर्षे शाळेत विज्ञान शिकवले ते उगीच नाही. इथल्या डॉक्टरांची सत्तावीस तारीख घेऊन टाकली. गाडी गार असल्यावर भीती कसली?

लोभ आहेच, तो या उन्हाबरोबर चढता असू दे.

तुझा,
गंगाधर

॥ श्री शंभू महादेव प्रसन्न ॥

नातेपुते
२२ मे २०२६

चि. गंगाधर यास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र वाचूनच गार झाले. पण माझ्या शिलाई मशीनला तू खोबरेल घातलं होतंस, ते आठवलं. तेव्हाही ते दोन दिवस मऊ चाललं आणि थंडी पडल्यावर असं गोठलं की माझं परकर-पोलकं शिंप्याकडे गेलं. तेव्हाही तू मला तेलाचे गुणधर्म समजावून सांगत होतास. हात दुरुस्तीचा नसला तरी तोंड आहे, हे देवाने बरं केलं.

जावयाला वाण म्हणून दिलंस म्हणजे त्याचं तोंडच बांधलंस. उद्या तू त्याला कडू काढा वाण म्हणून दिलास तरी तो पिईल. गुणी पोरगा आहे, पण त्याच्या गुणाचा फायदा घेऊ नये. आणि एवढं सगळं लिहिलंस, पद्मजा काय म्हणाली, शेजारणी काय म्हणाल्या. दुसरा डबा संपल्यावर अजिनाथ काय म्हणाला, ते मात्र नाही लिहिलंस. माझे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत.

तुझ्या विहीणबाईंचं, बाळाबाईंचं, मला पटतं. मोतीबिंदू उन्हाळ्यातही काढतात, हे मलाही ठाऊक आहे. पण डोळा त्यांचा आणि हौस तुझी, असं व्हायला नको. त्यांच्या मनाची तयारी होऊ दे.

पद्मजाला पाडाच्या कैऱ्या पाठवते आहे. माया आहे तशीच ठेव, शहाणपण थोडं वाढव.

तुझी,
अक्का

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
३० मे २०२६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले तेव्हा तारीख हलवता आली असती. मी हलवली नाही.

बुधवारी सकाळी विहीणबाईंचे ऑपरेशन नीट झाले. दुपारी घरी सोडले. डोळ्याला धूळ, वारा, घाम लागू द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. पद्मजा म्हणत होती की निदान ऊन उतरेपर्यंत आपल्याकडे टेकू दे. विहीणबाईंना घरची ओढ लागली होती आणि मी वर म्हटले की गाडीत काय, महाबळेश्वर आहे. भर दुपारी मीच त्यांना निरोप दिला.

मोहोळ गेले आणि करकर आवाज होऊन एसी बंद पडला. काच उघडावी तर मालट्रकांची धूळ आत येते, लावावी तर भट्टी. अजिनाथराव काच खाली करत, विहीणबाई डोळ्याच्या धाकाने वर करायला लावत. टेंभुर्णीच्या अलीकडे त्यांना ऊन लागून भोवळ आली. त्या भोवळीत पदराने त्यांनी डोळ्यावरची पट्टी सारली आणि घाम पुसला. टेंभुर्णीच्या दवाखान्यात सलाइन लावावे लागले. आता त्या घरी आहेत, ताप उतरला आहे. पण डोळ्यात संसर्ग झाला आहे. दृष्टी किती येईल हे डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत.

याहून वाईट पुढेच आहे. दवाखान्यात विहीणबाईंनी विचारले की एसी तर दुरुस्त केला होतास ना? तेव्हा अजिनाथरावांनी सांगितले की रस्त्यावरच्या कुणाकडून तरी घाईत गॅस भरून घेतला होता. माझे नाव काढले नाही. सईलाही शपथ घातली; तिने ती फक्त आपल्या आईजवळ, पद्मजाजवळ मोडली. विहीणबाई चार माणसांत त्यांना म्हणाल्या की आईच्या डोळ्यापुढं तुला गाडीचा खर्च दिसला. तेव्हापासून त्या त्यांच्याशी बोलत नाहीत. त्यांच्या हातचे औषधसुद्धा घेत नाहीत, सईच डोळ्यात थेंब घालते.

अजिनाथराव काय म्हणाले, असे तू विचारले होतेस. काहीच म्हणाले नाहीत. दुसरा डबा उलटा धरला तेव्हा बॉनेटमधून खरखर आली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले की पंख्यात काहीतरी अडकले असेल. पंख्यात काही नव्हते, अक्का. डबा उभाच धरा, असे त्याच्यावर छापले होते. पातळ गॅस आत गेला की कॉम्प्रेसर मरतो, हे मला कळत होते. पण बाहेर पद्मजा शेजारणींना हाका मारत होती आणि त्या घोळक्यासमोर जावयाला कसे सांगायचे की माझ्याकडून चुकले? रात्री सांगू म्हटले. मग सकाळी. मग तुला पत्रात केवढ्या बढाया मारल्या.

मला माझीच लाज वाटते. जेवण जात नाही. पद्मजा पान वाढून उठून जाते. काय करू ते सांग.

रागाव, पण अंतर देऊ नकोस.

तुझा,
गंगाधर

॥ श्री शंभू महादेव प्रसन्न ॥

नातेपुते
३ जून २०२६

चि. गंगाधर यास,
अ. उ. आ.

चेष्टा करायला आज हात वळत नाही.

चूक कुणाकडूनही होते. डबा उलटा धरलास, ती चूक. खरखर ऐकून पंख्याचं नाव घेतलंस, ते पाप. आणि आता जेवण टाकून बसला आहेस, ते नुसतं सोंग. तू उपाशी राहिल्याने बाळाबाईंना काय दिसणार आहे? तिकडे एक आई पोटच्या पोराच्या हातचं पाणी घेत नाही आणि त्याचं कारण तुझ्या घरात बसलं आहे. हे असंच चालू दिलंस तर डोळ्याचं नुकसान एकीकडे राहील आणि त्या घराचं नुकसान तुझ्या नावावर लागेल.

बाळाबाईंना पत्र लिही. फोन करू नकोस, तोंडाने तू वकिली करतोस. लिहिताना खोडता तरी येतं. सगळं लिही, खरखरीसकट. त्या वाचत नाहीत, अजिनाथलाच वाचून दाखवावं लागेल, हे मला ठाऊक आहे. तुला ते अवघड जाणार असेल तर जाऊ दे.

पद्मजाशी आधी तूच बोल. जेव. माझे आशीर्वाद तुला आहेतच, पण या खेपेला ते थोडे राखून ठेवते.

तुझी,
अक्का

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
५ जून २०२६

श्रीमती विहीणबाई यांस,
गंगाधरचा कृ. सा. न. वि. वि.

आपली प्रकृती आता बरी असेल, अशी आशा करतो. पत्राचे कारण असे की आपल्याला जे सांगण्यात आले ते खरे नाही. गाडीत गॅस रस्त्यावरच्या कोणी भरला नाही. मी भरला. आमच्या अंगणात, धोंड्याच्या जेवणानंतर.

अजिनाथराव नको म्हणत होते. मी वाण म्हणून दिल्यावर त्यांना नाकारता आले नाही. एक डबा पुरत होता, मी दोन घातले. दुसरा उलटा धरला. यंत्र आतून खरखरले ते मी ऐकले आणि खोटे बोललो. त्यावर कळस म्हणजे, आपण थंडीपर्यंत थांबा म्हणत असताना मी आपल्याला उन्हात बोलावले आणि भर दुपारी गाडीत बसवले. आपण ज्या काचेच्या आड गुदमरलात ती बंद असूनही गाडी गार राहील, हा भरवसा माझा होता.

मोठेपणा मिरवण्याच्या नादात मी आपल्या डोळ्याशी खेळलो. माझ्या थोरल्या बहिणीने सांगितल्यावर मला लिहिण्याचे धैर्य आले, हेही कबूल करतो. मी आपला गुन्हेगार आहे. हात जोडून आपली क्षमा मागतो. अजिनाथराव फार मोठ्या मनाचे आहेत, त्यांच्यावर राग धरू नये.

पुढच्या तपासणीला पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचे असल्यास मी सोबत येईन. आपण दार लावून घेतले तरी बाहेर थांबेन. लोभ मागण्याचा हक्क मला राहिलेला नाही. आपण आपणहून ठेवलात तर उपकार होतील.

आपला,
गंगाधर

॥ श्री कमलाभवानी प्रसन्न ॥

जेऊर
११ जून २०२६

रा. रा. व्याहीबुवांस,
बाळाबाईचा राम राम.

पत्र सई लिवती हाय. म्या सांगते तसंच लिव, बापाची कड घेऊन गोड करू नगं, असं तिला आधीच म्हणलंय.

तुमचं पत्र आलं तवा अजिनाथनं वाचून दावलं. वाचलं काय, तर तुमी माझी तब्येत इचारली, पद्मजाताईंनी राम राम सांगितला, आन् पुण्याला तुमी संगं येनार. एवढंच. म्या अबोला सोडून इचारलं, कागद दोन्ही अंगानं भरल्याला दिसतोय की, आन् मजकूर एवढाच कसा? तर म्हणला, व्याह्यांचं अक्षर मोटं हाय. त्यो मळ्यात गेल्यावर सईला म्हणलं, आता तू वाच. ती वाचाया लागली आन् मधीच रडाया लागली. समदं ऐकलं म्या. दोनदा ऐकलं.

तुमाला राग येईल, पर खरं सांगते. त्या डोळ्यानं समोर मानूस हाय एवढं कळतंय, कोन हाय ते कळत न्हाय. डाक्टर म्हणत्यात, आनखी थोडं सुधारंल, पर पैल्यावानी न्हाय. एक डोळा हाय अजून. म्या मेंढरं राखलीत, एका डोळ्यावर बी कळप वळता येतो. त्याचं लई वाईट वाटून घेऊ नका. जायला मीच उटले व्हते, पद्मजाताई ऱ्हा म्हणत व्हत्या.

माझ्या काळजाला दुसरंच लागलंय. चार मानसांत म्या त्या पोराला नगं ते बोलले. त्यो खाली मान घालून हुबा ऱ्हायला. घरात त्यो पानी घेऊन यायचा आन् म्या तोंड फिरवायची, तर तांब्या तितंच ठेवून जायचा. दिस दिस तसाच भरल्याला ऱ्हायचा तांब्या. एका सबदानं म्हणला न्हाय की आये, हे माझं काम न्हाय. काल त्यो जेवाया बसला तवा म्या त्याच्या म्होरं बसले आन् म्हणलं, बाबा, माझं चुकलं. आई असून म्हणलं. त्यानं उटून तांब्या भरला आन् माझ्या म्होरं ठेवला.

आता तुमचं. पत्रात तुमी माझी माफी मागितलीसा. हात जोडलंसा. त्यो मोट्या मनाचा हाय, असं बी लिवलंसा. पर व्याहीबुवा, म्या दोनदा वाचून घेतलं, त्याची माफी त्यात कुटंच न्हाय. आन् ते पत्र पैलं त्याच्याच हातात आलं व्हतं. त्यानं समदं वाचलं, सोताचं नाव आलं तितं थांबला असंल, म्होरं काय हाय बघितलं असंल. मग घडी घालून तुमचीच लाज झाकली. म्या त्याला काय बी इचारलं न्हाय. इचारलं तरी सांगायचा न्हाय.

सासऱ्यानं जावयाचं पाय धुवायचं, पर माफी मागायची न्हाय, असं कुटं लिवलंय का? असंल तर मला ठावं न्हाय.

मला पुन्यात सोबत नगं. तुमी जेऊरला या. अधिक सरायच्या आत या म्हणत न्हाय, तुमच्या सवडीनं या, पर गाडीनं न्हाय, रेल्वेनं या. ठेसनावर न्यायला म्या अजिनाथलाच धाडनार हाय. दुसऱ्या कुनाला धाडनार न्हाय. ठेसनापासनं वस्तीपतूर गाडीत तुमी दोघंच असाल. रस्ता खराब हाय, गाडी हळू चालती.

पद्मजाताईला माया सांगा. तुमच्यावर लोभ हाय का न्हाय, ते तुमी उतरल्यावर लेकाचं तोंड जवळनं बघून सांगीन. घर येस्तवर त्याच्याशी बोलून घ्या.

बाळाबाई
(अंगठा)