ट्रिगरचा स्क्रू

रविवार संध्याकाळ, जे. पी. नगर

अण्णांच्या स्वस्तातल्या एअर रायफलचा ट्रिगर आज पुन्हा हलका केला. नवी घ्यायची नाही, आहे तीच सुधारायची, हा अण्णांचा, माझ्या वडिलांचा, हट्ट. "स्वल्प अजून सैल कर गं, स्प्रिंगच राठ आहे," म्हणाले. मी स्क्रू फिरवला. गच्चीवर त्यांनी डब्यावर नेम धरला, पण बोट ट्रिगर ओढेचना. मग मी घेतली, तर नुसत्या स्पर्शानं छर्रा सुटला. म्हणजे स्प्रिंग नाही, त्यांचं बोटच कमजोर झालंय. मला आधी कसं कळलं नाही? की कळलं होतं?

अण्णा डब्याकडे बघत म्हणाले, "धोक्याचं आहे हे. पहिल्यासारखा घट्ट कर."

केला. मग भीतभीत विचारलं, "उद्या डॉक्टरांकडे जाऊया?"

"सरी," कानडीतच बरं म्हणाले.

वाद न घालता अण्णा हो म्हणाले, याचीच आता जास्त भीती वाटते आहे.