‘खाडीपल्याड’चा दुसरा अल्बम

रेवदंडा,
१४ नोव्हेंबर

प्रिय भावू,

मुंबईत तू बरी असशील असं धरून चालते. इकडे आई ठीक आहे, गुडघे सोडून. मितेशची बोट परवा लागली. बोंबील चांगले मिळाले, अंगणातल्या वाळवणाच्या वलांड्या भरल्यात. थंडी मात्र अजून हवी तशी पडत नाही, त्यामुळे माल सुकायला वेळ लागतो. माझा भाऊ बोट लावतो आणि झोपतो, वाळवायचं नि विकायचं माझ्याकडे. तुला हे सगळं पाठ आहे.

पत्र बघून हसशील. पण फोनवर मला जमत नाही. थोडं बोललं की आवाज बसतो, आणि तो बसला की तू तुझं बोलायला लागतेस. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

अल्बमबद्दल अभिनंदन. तुझं, माझं, दोघींचं. इतक्या वर्षांनी ‘खाडीपल्याड’ हे आपल्या जोडीचं नाव पुन्हा कुणाच्या तोंडी येईल असं मला वाटलं नव्हतं. मी रेवदंड्याची, तू पलीकडे साळावची, म्हणून कॉलेजात गमतीने ठेवलेलं नाव. आता रिक्षावाल्यांच्या फोनमध्ये आहे. नवा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तोसुद्धा निकेशच्या रिक्षात. अलिबागला बँकेत चालले होते. तो म्हणाला, “ताई, तुम्हालाच ऐकवतो,” आणि त्याने ‘पुन्हा पाणी’ पहिल्या गाण्यापासून लावला. चौल गेलं, नागाव गेलं, मी बाहेरच बघत बसले. त्याला वाटलं मला भरून आलं.

सगळे विचारतात, आवाज इतका कसा राखलास. जेट्टीवर नलूमावशीने टोपली खाली ठेवून माझ्या गळ्याला हात लावला. “ऑपरेशन झाला त्यो ह्योच गला काय गो?” म्हणाली. मी हसले.

गाणी फार स्वच्छ झाली आहेत. ‘ओहोटीची वाट’मध्ये दुसऱ्या कडव्याला मला खोकला आला होता आणि तू म्हणाली होतीस, हा ठेवायचाच. तो काढलास वाटतं. हरकत नाही. रेकॉर्डिंगवाल्या प्रणयने मशीनवर नंतर काय काय केलं ते एकदा सांग. सहज विचारते.

आईला अजून ऐकवलेला नाही. सवडीने ऐकवीन.

आणि अलिबागच्या कार्यक्रमासाठी सराव लागणार नाही असं तू लिहिलंस, ते मला नीटसं कळलं नाही. सराव का लागणार नाही?

तुझी,
नेत्रा


रेवदंडा,
३ डिसेंबर

भाविका,

तुझे फोन मी घेतले नाहीत. मेसेज सगळे वाचले. व्हॉइस नोट पाठव म्हणतेस, ती पाठवणार नाही. माझा आवाज तुझ्याकडे आहे तेवढा पुरे.

आधी आईचं सांगते. मागच्या पत्रानंतर चार-पाच दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, बाबांचं गाणं लाव. ती अंगणात बोंबील उलटवत होती. मी फोन पायरीवर ठेवला आणि ‘ओहोटीची वाट’ लावलं. पहिलं कडवं संपेपर्यंत तिचे हात चालू होते. मग ती वळली आणि विचारलं, “ही कोनाची पोर?”

मी म्हटलं, “आई, मीच आहे.”

“न्हाय. तुजा आवाज मना ठाव हाय.” पुन्हा थोडं ऐकलं तिने, आणि म्हणाली, “हिचा बापूस जिवंत हाय. बापूस गेल्यावं कसा गातात ते हिला ठावच न्हाय.”

भाविका, माझ्या आईला संगीतातलं काही कळत नाही. पण तिने बरोबर ओळखलं. तो आवाज मी कॉलेजात होते तेव्हाचा. तेव्हा बाबा होते. बोटीवरून आले की ओसरीवर बसून आपली प्रॅक्टिस ऐकायचे आणि तुझ्या गिटारला “तुझा पत्रा” म्हणायचे. ते वादळात गेले, परत आले नाहीत, त्यानंतर मी ते शब्द लिहिले. ते शब्द त्या आवाजात मी कधीच म्हटले नाहीत. म्हणणं शक्यच नव्हतं.

मग मी प्रणयला फोन केला. तो बिचारा गडबडला. म्हणाला, “नेत्राताई, मला वाटलं भाविकाताईंनी तुम्हाला सांगितलं असेल.” कॉलेजातल्या आपल्या पहिल्या अल्बमवरून माझा आवाज त्याने कॉम्प्युटरला शिकवला, आणि किहीमच्या स्टुडिओत मी गायलेल्या प्रत्येक ओळीवर तो चढवला. श्वास माझा, सूर माझा, शब्द माझे. आवाज माझा आणि माझा नाही. मी विचारलं, “मी गायलेलं मूळ आहे का तुझ्याकडे?” तो म्हणाला, “ताईंनी पुसायला सांगितलं. बाहेर गेलं तर घोटाळा होईल म्हणून.”

पावसाळ्यात बोटी बंद होत्या तेव्हा तू माझ्या दारात आलीस, ते आठव. मी काय म्हटलं होतं तुला? गाठ काढल्यापासून वरचा सूर लागत नाही, मधेच आवाज फाटतो, दुसरी कुणी बघ. तू माझ्या हाताला धरून म्हणालीस, “मला तोच हवाय. वय झालेला, फाटका. आपण आता जशा आहोत तशा गाऊया.” म्हणून मी आले. रोज आई-मितेशचा स्वयंपाक उरकून किहीमला यायचे. गरम पाण्याचा थर्मास घेऊन त्या बंद खोलीत उभी राहायचे. ‘ओहोटीची वाट’ गायले तेव्हा शेवटच्या ओळीला आवाज पार गेला, नुसती हवा आली. मी म्हटलं, परत घेऊ. तू काचेपलीकडे रडत होतीस. म्हणालीस, “नाही नेत्रा, याला हात लावायचा नाही.”

ते रडणं खरं होतं असंच मी मानते. म्हणून जास्त लागतं.

तुझा खुलासा वाचला. अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या लोकांनी मूळ गाणी ऐकली. एकाने विचारलं, या बाई आजारी आहेत का. तेव्हा तू हा मार्ग काढलास. तू लिहितेस, “मी तुझी लाज राखली.” भाविका, मला लाज वाटत नव्हती. ती तुला वाटली.

आणि स्वतःचा आवाज मात्र तू जसा आहे तसा ठेवलास, वयासकट. पेपरात काय आलं ते तूच मला पाठवलं होतंस: भाविकाच्या गाण्याला आता आयुष्याची खोली आली आहे, नेत्राचा आवाज तसाच कोवळा राहिला आहे. म्हणजे तू जगलीस. मी कुठे होते इतकी वर्षं?

एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी, कारण ती दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मी निकेशच्या रिक्षातच ओळखलं होतं. पहिल्याच ओळीला. तरी मागचं पत्र मी तसं लिहिलं, कारण मला ते आवडलं होतं. जेट्टीवर बायका वळून बघत होत्या. चौलची शिक्षिका घरी येऊन सही घेऊन गेली. मी मान डोलावून सगळ्यांचं कौतुक घेत होते. सकाळी अंगणात एकटी असताना ते गाणं लावून त्याच्याबरोबर गायचा प्रयत्नही केला. त्यातली ती वर जायची आणि मी खालीच राहायचे. आईने तोंडावर सांगितलं नसतं तर मी किती दिवस मिरवलं असतं, मला माहीत नाही.

म्हणून ठरवलं की निदान गावात तरी खरं करायचं. गेल्या रविवारी मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी माझा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, फोटो. मग सगळे म्हणाले, एक गाणं व्हायलाच हवं. मी आईकडे बघितलं. ती पुढच्या रांगेत बसली होती. मी ‘ओहोटीची वाट’ म्हटलं. साथीला काही नाही, माझा आताचा आवाज. मनापासून गायले, भाविका. किहीमला गायले होते त्याहून चांगलं. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला, तिथे थांबले नाही.

लोक खाली बघायला लागले. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, “घसा बसलाय वाटतं.” एका बाईने पाण्याचा ग्लास आणून दिला. मी माइकवर सांगितलं, “घसा बसलेला नाही. हाच माझा आवाज आहे. अल्बममधला माझा नाही, तो मशीनने केलाय.” सगळे हसले. चांगल्या मनाने हसले. त्यांना वाटलं मी विनय दाखवतेय. आणि मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून निकेशने उठून फोन स्पीकरला जोडला आणि तेच गाणं लावलं. पहिली ओळ आली तसा हॉल टाळ्यांनी भरला. पोरी उभ्या राहून गायला लागल्या. माझ्या हातात माइक होता. मी तो खाली ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसले. गाणं संपेपर्यंत बसले, खांद्यावर शाल घेऊन.

घरी येताना आईने माझी शाल घडी करून काखेत घेतली. मग म्हणाली, “आता बाहेर नको गाऊस. घरान गा.” तिने प्रेमानेच सांगितलं. तिला माझी फजिती बघवली नाही. पण माझ्या आईनेसुद्धा हे सांगावं, ही वेळ तू आणलीस.

आता अलिबागचं. मी येणार नाही. माइकसमोर उभं राहून ओठ हलवायचे, हेच ते सराव न लागण्याचं कारण, ते मला तुझ्या मेसेजवरून कळलं. लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. आजारी आहे सांग, ते सगळ्यांना पटेल. पोस्टरवरचं माझं नाव राहू दे. मी कुणाकडे तक्रार करणार नाही. केली तरी कोण मानणार? माझ्याच गावाने मानलं नाही.

अल्बममधल्या तिला घेऊन जा. ती थकत नाही, खोकत नाही, तिचे बाबा गेलेले नाहीत. तू सांगशील ते गाते आणि तू बोलत असताना मधे बोलत नाही. कॉलेजपासून तुला अशीच जोडीदार हवी होती, आता मिळाली. तिसरा अल्बमही करा दोघी.

मूळ गाणी पुसली नसतील, कुठे एखादं राहिलं असेल, तर तेही पुसून टाक. मला नको आहे.

जिचा आवाज तुला नको होता, ती
नेत्रा