फळी धरणारी

३ मे
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोनवर मी बरी आहे एवढंच सांगून ठेवून देते, ही तुझी नेहमीची तक्रार. म्हणून लिहिते. रविवारी मी तळ्यात पडले.

हे गेल्यापासून यांचा पॅडलबोर्ड, ती उभ्याने वल्हवायची फळी, शेडमध्ये भिंतीला टेकून होता. जाता-येता तो मला बघायचा, मी त्याला. शेवटी काढला आणि पाण्यात नेला. गुडघ्यांवर बसून थोडं वल्हवलं, उभी राहिले आणि धपकन पडले. पडण्याचं काही नाही गं, लाइफ जॅकेट होतं, फळीचा दोर घोट्याला होता. पण परत वर चढता येईना. कड धरली की ती खाली जायची आणि अख्खी फळी माझ्या डोक्यावर. अखेर होडीवाल्याने मला पोत्यासारखं ओढून घेतलं, आणि वर तुझ्या भाच्याला फोनही केला.

चिरंजीव संध्याकाळी हजर. त्याच्या फ्लॅटमधली, नवव्या मजल्यावरची खोली माझ्यासाठी तयार आहे म्हणे, सूनबाईंनी पडदेसुद्धा लावलेत. पाण्याकाठी एकटीने राहणं आता पुरे. पडलीस तर उठता येत नाही, यापुढे बोलायचं काय, असं त्याने विचारलं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, महिनाअखेरीस ये, तुझ्यासमोर तळ्याच्या मधोमध पडते आणि एकटी वर येते. नाही आले तर सामान बांधीन. तो लगेच कबूल झाला. इतका लगेच, की मला धस्स झालं.

माझी आठवण ठेव, पण काळजी नको.
तुझी अक्का


१० मे
ती. अक्कास,
शि. सा. न.

पत्र मैदानावर उभ्याने वाचलं. शिट्टी तोंडात तशीच राहिली आणि पोरं पळतच राहिली. त्यांचा व्यायाम तुझ्या खाती.

या वयात पैज, तीही पोटच्या पोराशी! आणि भाऊजींनी अर्ध्या गावाला फळीवर चढवलं, बायकोला तेवढं ठेवलं पाण्यात. देवमाणूस होते, देवांना घरच्यांकडे बघायला सवड नसते.

तुझं काय चुकतंय ते सांगू? दर उन्हाळ्यात तू कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायचीस. शिकणारा पलीकडून चढायचा आणि त्याच्या वजनाने फळी उलटू नये म्हणून तू आपली कड दोन्ही हातांनी दाबून धरायचीस. आजही तेच करते आहेस. तुझे हात अजून समोरच्याला चढवताहेत. समोर कोणी नाही, अक्का.

कड सोड. फळीच्या मधोमध मूठ आहे, ती धर. पाय खाली लोंबू देऊ नकोस. मागे सोडून पाण्यावर आडवी हो, जोरात पाय मार आणि फळी पोटाखाली ओढून घे. चढायचं नाही, सरकायचं. मगरीसारखी दिसशील, दिस. होडीवाल्याला काठावर बसवल्याशिवाय सराव करू नकोस, तुला माझी शप्पथ.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी


१९ मे
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

समोर कोणी नाही, हे वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. दोन दिवस उघडलं नाही. तू खरं बोलतेस ते ठीक, पण जरा हळू बोलत जा.

मग पाण्यात गेले. काठाजवळ जमतं, पण तिथे पाय टेकतात, त्यामुळे माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही. खोल पाण्यात गेलं की हात पुन्हा कडेवर जातात. होडीवाल्याचं मत आहे की नववा मजला हवेशीर असतो. त्याला चहा बंद केलाय.

जीव लावते आहेस, तो असाच लाव.
तुझी अक्का


१ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल तुझा भाचा आला. गाडीत रिकामी खोकी होती. मी पाहिली, त्याने मला पाहताना पाहिलं. दोघंही हवेबद्दल बोललो.

मधोमध गेले आणि पडले. पहिल्यांदा हात कडेवर गेले, फळी उलटली, नाकातोंडात पाणी. काठावरून तो बूट काढून कमरेपर्यंत आत आला होता. मी हात वर करून त्याला थांबवलं. फळी सुलटी केली, मूठ धरली. पाय मागे सोडवेनात. खाली काहीतरी लागेल अशी आशा सुटत नाही बघ. मग सोडले. पाय मारले आणि पोटाखाली फळी आली.

तशीच पडून राहिले, गाल फळीला लावून. यांच्या माघारी रडायचं राहून गेलं होतं, ते तिथे झालं. पोराला वाटलं, दम खाते आहे.

डोकं वर केलं तर समोर आपलं घर. इतकी वर्षं संसार केला, पण इतक्या आत कधी आलेच नव्हते, त्यामुळे ही बाजू पाहिलीच नव्हती. रंग पार उडालाय, खिडकीखाली ओल चढलीय. हे रोज बघत असणार, आणि एका शब्दाने बोलले नाहीत!

चिरंजीव जेवून गेले. खोलीचा विषय निघाला नाही. निघताना मात्र त्याने मला बराच वेळ जवळ धरलं.

भिंतीला कोणता रंग द्यावा, कळव. मी इथेच आहे.
तुझी अक्का