चालून तर राह्यलं ना!

बोरगाव मेघे, वर्धा

बुडालेल्या कॉम्प्युटर कंपनीच्या मोठ्या सायबांस,

तुमची कंपनी बंद पडून जमाना झाला, म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाई. पण भांडल्याशिवाय राहणार नाई.

माह्या लेकीचे, मयुरीचे बाबा लग्नाची शूटिंग करत. कॅसेटवर नवरा-नवरीची नावं यायची, ती तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवरून. त्यात त्यांनी एकेक मराठी अक्षर ठिपक्या-ठिपक्यानं काढलं होतं. इथून आंजी गावापर्यंत घरोघरच्या लग्नाच्या कॅसेटवर तेच अक्षर आहे.

पण त्या कॉम्प्युटरातल्या, पडद्यावर चित्रं काढणाऱ्या खास चिपा तुम्ही कधी बदलल्याच नाई. मले वाटलं, तुम्हाले जमलं नसंल. काल लेकीनं इंटरनेटवर वाचून सांगितलं, तुमच्या इंजिनियर लोकांनी नवी चिप करत आणली होती. तुम्हीच म्हणाले, जुनी खपून राह्यली ना, मंग काऊन खर्च करायचा?

अंगाचा भडका उडाला सायेब. हेच माह्या घरात चालायचं. कॉम्प्युटर बदला म्हटलं, तर मयुरीचे बाबा म्हणत, "चालून तर राह्यलं ना!" तुमच्या छातीत दुखते, डॉक्टरले दाखवा म्हटलं, तरी तेच. मागच्या उन्हाळ्यात गेले.

दिवाळीनंतर मयुरीचं लग्न आहे. तिच्या लग्नाच्या शूटिंगवर नावं टाकाले त्यांची सारी अक्षरं मी नव्या कॉम्प्युटरवर काढून राह्यली. जुना अजून चालते, पण त्याच्या भरोशावर बसणार नाई.

आणि माह्याही छातीत दोनदा कळ आली. काम काई थांबलं नाई. तरी उद्या सकाळीच दवाखान्यात जाणार आहे.

तुमचं अन् त्यांचं, दोघायचंही न ऐकणारी,
मयुरीची आई