शेवटच्या सीझनमधला मुलगा

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
१४ नोव्हेंबर २००४

प्रिय लतिका,

अनेक आशीर्वाद. मेतकूट आणि तू सिद्धेशसाठी विणलेला स्वेटर मिळाला. इथे थंडी पडली आहे. उल्हास सध्या घरूनच काम करतात. मागच्या आठवड्यात तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला, म्हणून लिहायला बसले.

सिद्धेश शाळेत जात नाही. दुपारी आम्ही दोघं टीव्हीवर एक जुनी मालिका बघतो. ओसाड माळावर वसायला आलेलं कुटुंब, तीन मुली आणि दत्तक घेतलेला नेथन. मंगळवारी शेवटचा सीझन संपला. शहरात शिकायला गेलेला नेथन आजारी होऊन घरी आला आणि वारला.

सिद्धेश म्हणाला, "अडॉप्टेड होता ना, म्हणून त्यालाच मारलं."

मी टीव्ही बंद केला. मग त्याने विचारलं, "त्याच्या खऱ्या आईला कुणी कळवलं का?"

लते, त्याला ठाऊक आहे. ग्रीन कार्डाच्या फायलीतलं दत्तकपत्र त्याने चार वर्षांपूर्वीच वाचलं होतं. आम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिला.

तुला मी अशक्तपणा सांगत आले. तो रक्ताचा कॅन्सर आहे. मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं, याला सख्खी भावंडं आहेत का, त्यांचा बोनमॅरो जुळू शकेल. तुझे शंतनू-शिवांगी माझ्या डोळ्यांसमोर आले. मी नाही म्हणाले. उल्हास खाली बघत राहिले. तो चाळीस दिवसांचा असताना तू त्याला माझ्या ओटीत घातलंस, सोळा वर्षं मी त्याची आई आहे, आणि ते आईपण एका रक्ततपासणीत जाईल असं मला वाटलं. सप्टेंबरात मी डॉक्टरांना खरं सांगितलं. तोवर उपयोग उरला नव्हता.

परवा औषधं थांबवली. आता दोनेक आठवडे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

व्हिसासाठी हॉस्पिटलचं पत्र सोबत जोडलं आहे. हे कुरिअर पोचायलाच पाच दिवस, पुढे मुंबईच्या वकिलातीतली मुलाखतीची तारीख. मला हिशेब जमत नाही. तरी अर्ज कर. काल त्याने तुला निरोप सांगितला, "मी मावशीच म्हणेन. तिला सांग, घाबरू नको."

माफी मागायचं मनात नाही. शंतनू-शिवांगीला काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझ्याकडून एकदा मूल मागून नेलेली,
शैलजाताई